८४ हजार युरो आणि बंद घर

अमेय,

तुझा मेसेज मिळाला. "ताई, आयर्लंड सरकार बेटावर राहायला जाणाऱ्याला ८४ हजार युरो देतंय म्हणे. ठाण्याचा फ्लॅट विकून निघू का?" २०२३ च्या उन्हाळ्यात हीच बातमी मला इथे आयर्लंडमध्ये कुडाळहून तिघांनी पाठवली होती. त्यातल्या काकांचा पुढचा प्रश्न होता, तिथे मासे मिळतात का? मासे मिळतात रे. पैसे मात्र त्या बातमीत लिहिलेत तसे मिळत नाहीत.

मुळात ही योजना बेटांची नाहीच. २०२२ च्या जनगणनेत या एवढ्याशा देशात १,६६,७५२ घरं रिकामी सापडली, सुट्टीपुरती वापरली जाणारी वेगळीच. दुसरीकडे डब्लिनमध्ये भाड्याने खोली मिळायची मारामार. म्हणून सरकारने बंद घरं दुरुस्त करण्यासाठी अनुदान काढलं, 'क्री कोनाहे' नावाच्या निधीतून. मे २०२३ पासून रिकाम्या घराला ५० हजारांपर्यंत आणि पडीक, धोकादायक झालेल्या घराला ७० हजारांपर्यंत. (तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. आपल्याकडची कुलूपबंद घरं पाहिली की मला हे हटकून आठवतं.) बेटांसाठी याच रकमा वीस टक्के वाढवल्या, ६० आणि ८४ हजार. तेही पूल नसलेल्या बेटांनाच. अ‍ॅकिल बेटाला पूल आहे, म्हणजे ते बाद. ८४ हजार हा पडक्या घराचा कमाल आकडा आहे आणि तो दुरुस्तीचा आहे. राहायला येण्याचं बक्षीस नव्हे.

आता व्हिसा. घर कुणीही विकत घेऊ शकतो, भारतात बसूनसुद्धा. पण घराच्या खरेदीखतावर इथे राहायचा हक्क मिळत नाही, अनुदानावर तर नाहीच. तू सॉफ्टवेअरवाला आहेस, तुझा रस्ता क्रिटिकल स्किल्स परमिटचा, म्हणजे टंचाई असलेल्या कौशल्यांसाठीच्या कामाच्या परवान्याचा. आधी नोकरी, मग परमिट, दोन वर्षांनी स्टॅम्प ४, म्हणजे परमिटशिवाय नोकरी करता येईल असा राहण्याचा परवाना. एवढं झाल्याशिवाय घरांच्या जाहिराती पाहूच नकोस, जीव अडकतो.

आमचंच सांगते. रॉसकॉमन काउंटीत सत्तरच्या दशकातला एक बंगला घेतला. म्हातारी मालकीण गेल्यावर सहा वर्षं बंद होता. अट अशी की घर २००७ पर्यंत बांधलेलं हवं आणि निदान दोन वर्षं रिकामं हवं. हे रिकामेपण सिद्ध कोण करणार? आपण! मालकिणीच्या पुतण्याने विजेची जुनी बिलं शोधून दिली, वापर जवळजवळ शून्य, म्हणून आमचं भागलं. काउंटी कौन्सिलमध्ये रिकाम्या घरांसाठी खास अधिकारी असतो, त्याला आधीच भेट. खरेदी व्हायच्या आत, बोलणी चालू आहेत एवढ्या पुराव्यावरही अर्ज करता येतो. घर पडीक वर्गात घालायचं असेल तर इंजिनिअरचा अहवाल लागतो.

मग कौन्सिलचा माणूस येऊन पाहून गेला. मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत एक कौलसुद्धा हलवायचं नाही, आधी केलेलं काम धरत नाहीत. आणि खरी मेख पुढेच आहे. आमच्या हातात पैसे आले ते काम संपवून, पुन्हा तपासणी झाल्यावर. छप्पर, वायरिंग, खिडक्या, सेप्टिक टँक, आणि भिंतीतली ओल (आपली पावसाळ्यातली नव्हे, ही बारमाही) धरून एक लाख दहा हजार युरो गेले. पन्नास परत आले, पण ते येईपर्यंत सगळा भार आमच्यावर. क्रेडिट युनियनचं, म्हणजे इथल्या पतपेढीचं कर्ज काढलं. पहिला बिल्डर छप्पर उघडं टाकून दुसऱ्या कामावर पळाला. मंजुरीनंतर तेरा महिन्यांत काम संपवायचं होतं, त्यात तीन असेच गेले. त्या हिवाळ्यात रात्रपाळी करून आले की गाडीतच बसून रडायचे. २०२४ पासून सरकारी खरेदी-दुरुस्ती कर्ज निघालंय, बँक दारात उभं करत नाही अशांसाठी. आमच्या वेळी ते नव्हतं.

पैसे मिळाले तरी घरावर बोजा चढतो, सातबाऱ्यावर चढतो तसा. पाच वर्षांच्या आत विकलंस तर सगळं अनुदान परत, पाच ते दहामध्ये पाऊण. म्हणजे "घेऊन, सजवून, विकून टाकू" हा तुझा दुसरा बेत इथेच संपला. भाड्याने द्यायला चालतं.

बंद घरांमागचं कारण मात्र ओळखीचं आहे. वारस बोस्टनला, लंडनला. मृत्युपत्राचं काम अर्धवट, चार भावंडांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत. सामाईक सातबारा पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. म्हणून सॉलिसिटरने मालकी स्वच्छ आहे म्हटल्याशिवाय इसार देऊ नकोस, किंमत कितीही पडेल असली तरी.

बेटाचंच मनात असेल तर इनिश मोर या पूल नसलेल्या बेटावर जानेवारीत आठवडाभर राहून ये. वारा सुटला की बोट रद्द होते. तुझा मुलगा चार वर्षांचा आहे, आणि रात्री दोनला ताप चढला तर पुढे काय, हे मी नर्स म्हणून विचारतेय. मी स्वतः गेले नसते.

फ्लॅट विकू नकोस, भाड्याने दे. आधी परमिट घेऊन एकटा ये, गॉलवे किंवा अ‍ॅथलोनकडे खोली घे. एक हिवाळा काढलास की सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे ये, घरं दाखवायला मी गाडी काढते.