हिवाळी प्रवास यंदाच, जुनी व्हॅन मात्र नंतर

प्रश्न : आम्ही दोघे म्युनिकमध्ये राहतो. माझे वय ३६, पत्नीचे ३४. मी ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या परवान्यावर, सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो, पत्नीची अर्धवेळ नोकरी आहे. दोघांचे मिळून महिन्याला ५,३०० युरो हातात येतात. टागेसगेल्ड खात्यात, म्हणजे केव्हाही पैसे काढता येणाऱ्या बचत खात्यात, २६,००० युरो आहेत. १९८६ सालची फोक्सवागन टी-३ कॅम्पर व्हॅन १९,५०० युरोंना मिळत आहे. त्यातले १२,००० आमच्या बचतीतून आणि ७,५०० कर्जाने उभे करायचे, १ डिसेंबरपासून दोघांनीही तीन महिने बिनपगारी रजा घ्यायची आणि आमच्या नऊ वर्षांच्या बुंदीला, म्हणजे आमच्या कुत्रीला, घेऊन नॉर्वेत ट्रॉम्सोपर्यंत जायचे, असा विचार आहे. प्रवासखर्चाला ५,५०० युरो धरले आहेत. या गाड्यांचे भाव वाढतच असल्यामुळे मार्चमध्ये ती विकून पैसे परत मिळतील, असे वाटते. बुंदीचे वय पाहता आणखी थांबवत नाही. घरखर्चाचा, प्रवासाचा आणि परवान्याचा तपशील सोबत जोडला आहे. हा हिशेब बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातल्या साऱ्या आकड्यांत मला बुंदीचे वय सर्वांत महत्त्वाचे वाटते. नऊ वर्षांच्या कुत्रीबरोबर बर्फातला प्रवास करायचा असेल, तर तो पुढे ढकलण्यात अर्थ नाही, हे मान्य करूनच मी पुढचा हिशेब मांडतो. माझा सल्ला असा की, येत्या हिवाळ्यात आपण अवश्य जावे, पण तीन आठवड्यांसाठी, पगारी रजेत आणि थंडीसाठी बांधलेल्या भाड्याच्या व्हॅनने; टी-३ची खरेदी आपला कायम वास्तव्याचा परवाना हाती आल्यानंतरच्या एखाद्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवावी, आणि दोन्हींपैकी कशासाठीही कर्ज काढू नये.

आपल्या यादीत गाडी आहे, प्रवास आहे, पण आपण घरी नसतानाही चालू राहणारे घर त्यात नाही. आपण सोबत दिलेल्या तपशिलाप्रमाणे म्युनिकच्या घराचे भाडे १,६५० युरो, पुण्यातल्या सदनिकेचा हप्ता रुपयांतून युरोंत आणला तर सुमारे ४५०, कोल्हापूरला आई-वडिलांना पाठवता ते ३०० आणि वीज, इंटरनेट, फोन, विमे मिळून ५०० धरले, तर महिन्याला २,९०० युरो होतात. तीन महिन्यांचे हे ८,७०० युरो पगार नसताना द्यायचे आहेत. गाडीचे १२,००० गेल्यावर १ डिसेंबरला आपल्याजवळ १४,००० उरतील. त्यातून घराचे ८,७००, प्रवासाचे ५,५००, आरोग्य विम्याचे सुमारे ५५० आणि कर्जाचे तीन हप्ते वजा केले, की फेब्रुवारीअखेर खाते शून्याच्या खाली तेराशे युरोंच्या आसपास जाते. पुढचा पगार मार्च संपताना जमा होणार, म्हणजे मार्चचे भाडे, हप्ते आणि किराणाही उसनवारीवर. हा खड्डा पाच हजारांच्या घरात जातो, आणि तोही वाटेत गाडी एकदाही बिघडली नाही असे गृहीत धरून. कर्ज साडेसात टक्क्यांनी चार वर्षांसाठी मिळाले, तर महिन्याला १८१ युरो हप्ता आणि एकूण बाराशे युरो व्याज होते. ही रक्कम फार मोठी नाही, पण ज्या महिन्यांत आवक शून्य आहे नेमक्या त्याच महिन्यांत तो हप्ता सुरू होतो.

बिनपगारी रजेबाबत जर्मनीतला नियम आपल्याला कोणी सांगितला आहे की नाही, याची मला शंका आहे, म्हणून तो थोडा सविस्तर लिहितो. पगार न घेता रजेवर असणाऱ्या कर्मचाऱ्याचे सामाजिक विम्याचे संरक्षण एका महिन्यापर्यंतच चालू राहते. त्यानंतर आरोग्य विमा आपोआप पुढे जात नाही. स्वतः ऐच्छिक सभासद व्हावे लागते, आणि उत्पन्न नसतानाचा किमान हप्ता महिन्याला अडीचशे ते तीनशे युरोंच्या दरम्यान येतो. आपण दोघेही सरकारी व्यवस्थेतल्या क्रांकेनकासेचे, म्हणजे आरोग्य विमा संस्थेचे, सभासद असाल, तर एकाने ऐच्छिक सभासद व्हावे आणि दुसऱ्याने कौटुंबिक विम्यात यावे, म्हणजे हप्ता एकच पडतो. वर ५५० युरो धरले ते याच हिशेबाने. हे सारे निघण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे लागते.

याहून गंभीर गोष्ट परवान्याची आहे. ब्लू कार्डधारकाला कायम वास्तव्यासाठी पेन्शन विम्याचे २७ महिन्यांचे हप्ते लागतात, आणि जर्मन भाषेची बी-१, म्हणजे मध्यम, पातळी असेल तर २१. आपण बी-१ उत्तीर्ण आहात आणि डिसेंबरपर्यंत आपले १८ महिने पूर्ण होतील, असे आपण लिहिले आहे. म्हणजे नोकरी सुरळीत चालू राहिली तर आपण मार्चमध्ये अर्ज करू शकता. बिनपगारी रजेत पेन्शनचे हप्ते भरले जात नाहीत, त्यामुळे तीन महिने रजा घेतली की हा अर्ज जूनवर जातो. तीन महिन्यांनी काय बिघडते, असे आपल्याला वाटेल. पण सध्या आयटीतल्या नोकऱ्यांची परिस्थिती काय आहे, हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहता. ज्याचा जर्मनीतला मुक्काम नोकरीवर अवलंबून आहे त्याने कायम परवान्याच्या वाटेवरच्या शेवटच्या टप्प्यावर आपणहून तीन महिने पगारपटावरून बाजूला होणे मला अजिबात पटत नाही. मार्चनंतर हीच रजा घेतली तर तिची जोखीम निम्म्याहून कमी होते. आणखी एक मुद्दा असा की, जर्मनीचा परवाना असलेल्या भारतीय नागरिकाला शेंगेन क्षेत्रातल्या, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या, इतर देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवसच राहता येते. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी मिळून बरोबर ९० दिवस होतात. सुटा भाग येईपर्यंत व्हॅन नॉर्वेतल्या गॅरेजमध्ये अडकून पडली, तर आपल्या हाताशी जर्मनीतून जाता-येता गेलेल्या मोजक्या दिवसांचीच सवड राहील.

आता गाडीकडे वळतो. टी-३ची मोहिनी मला समजते. १९७९ साली हॅनोव्हरच्या कारखान्यात सुरू झालेल्या या पिढीबद्दल जर्मनीत जिव्हाळा आहे आणि चांगल्या स्थितीतल्या गाड्यांना किंमत मिळते, हेही खरे. तीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूप जपलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची एच-क्रमांकपट्टी मिळते, कर वर्षाला सुमारे १९२ युरोंवर थांबतो आणि म्युनिकच्या पर्यावरण क्षेत्रात कमी प्रदूषणाच्या गाड्यांना मिळणाऱ्या हिरव्या बिल्ल्याशिवाय शिरता येते. पण भाव "वाढतात" ते गंज नसलेल्या गाड्यांचे. टी-३च्या पत्र्यांचे उभे सांधे हा तिचा सर्वांत नाजूक भाग आहे. सांध्यांतले भरण तडकले की पाणी आत शिरते आणि पत्रा आतून खात जातो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ हेच काम कितीतरी वेगाने करते. म्हणूनच जुन्या गाड्यांचे जाणकार मालक एप्रिल ते ऑक्टोबर अशी हंगामी क्रमांकपट्टी घेतात आणि हिवाळाभर गाडी कोरड्या जागी ठेवतात. आपण १९,५०० युरोंची वस्तू तिला सर्वांत घातक असलेल्या ऋतूत आठ हजार किलोमीटर चालवून मार्चमध्ये त्याच भावाला विकू पाहत आहात. पारखी खरेदीदार गाडीखाली वाकून पहिल्यांदा सांधेच पाहील.

विम्याचाही प्रश्न आहे. जुन्या वाहनांसाठीचे स्वस्त विमे देताना बहुतेक कंपन्या रोजच्या वापराची दुसरी गाडी, बंदिस्त जागा आणि वर्षाला ठराविक किलोमीटरची मर्यादा मागतात. आपल्याकडे दुसरी गाडी नाही, गॅरेज नाही, आणि व्हॅनची उंची दोन मीटरच्या आसपास असल्याने आपल्या इमारतीच्या तळघरात ती मावेलच असे नाही. साध्या विम्याचा दर मागवल्याशिवाय "देखभाल स्वस्त" हे आपले वाक्य मी मान्य करणार नाही. इंजिनाबद्दल इतकेच लिहितो की, १.९ लिटरच्या पाण्याने थंड होणाऱ्या पेट्रोल इंजिनात शीतक द्रवाची गळती आणि त्यातून होणारी झीज हा ओळखीचा आजार आहे, आणि इंजिन उघडण्याची वेळ आली तर काही हजार युरोंची तयारी हवी. ती रक्कम आपल्या हिशेबात कुठेच नाही.

प्रवासखर्चाच्या ५,५०० युरोंत आपण सौर पट्ट्यांसाठी १,२०० आणि गाडीतल्या हीटरसाठी ९०० धरले आहेत. ट्रॉम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, त्यामुळे सौर पट्ट्यांचे पैसे आपल्या प्रवासाच्या पहिल्या अर्ध्या भागात काहीही परत देणार नाहीत. म्युनिक ते ट्रॉम्सो एका बाजूला सुमारे तीन हजार किलोमीटर आहे. तिथले फिरणे धरून एकूण आठ हजार किलोमीटर, शंभर किलोमीटरला १३ लिटर आणि लिटरला १.८० युरो असा हिशेब केला, तर पेट्रोलचे सुमारे १,९०० युरो होतात. उरलेल्या १,५०० युरोंत नव्वद दिवसांचे जेवण, कॅम्पिंगच्या जागा, पुलांचे आणि फेरींचे पैसे आणि गॅस बसवायचा आहे, म्हणजे दोन माणसे आणि एका कुत्रीसाठी दिवसाला १७ युरोंपेक्षा कमी. नॉर्वेत हे जमणार नाही. त्यातही उघडणाऱ्या कापडी छताची चाळीस वर्षे जुनी व्हॅन ऊब धरून ठेवत नाही, त्यामुळे गॅस भराभर संपतो. शून्याखाली ब्यूटेनचा वायू होत नाही म्हणून प्रोपेनच लागतो, आणि जर्मन बाटली तिथे सरसकट बदलून मिळत नाही. कडाक्याच्या थंडीत आठवड्यातून दोन-तीन रात्री विजेची सोय असलेल्या जागी किंवा खोलीत काढाव्या लागतील, असे धरूनच अंदाज करायला हवा होता.

बुंदीचा खर्च आपण "किरकोळ" या शीर्षकाखाली टाकला आहे. तो मी वेगळा काढतो. तिचा युरोपीय पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट, मायक्रोचिप आणि रेबीजची वैध लस असेलच. याशिवाय नॉर्वे आणि फिनलंडमध्ये प्रवेश करण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याकडून पट्टकृमींवरचे औषध देऊन त्याची नोंद पासपोर्टात करावी लागते, म्हणजे ही भेट निघताना किंवा वाटेत वेळ साधून ठरवायची आहे. जर्मनीत २०२२ सालापासून पशुवैद्यकीय सेवांचे दर वाढले आहेत आणि अवेळी उपचारांना तातडीचे शुल्क व किमान दुप्पट दर लागतो. उत्तरेकडे तर दवाखानाच शेकडो किलोमीटर दूर असू शकतो. नऊ वर्षांच्या कुत्रीसाठी मी पाचशे युरो बाजूला ठेवीन आणि ते दुसऱ्या कशालाही वापरणार नाही. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, कुत्र्याचा दायित्व विमा (कुत्र्याने दुसऱ्याचे नुकसान केल्यास भरपाई देणारा) सर्वांना सक्तीचा नाही, पण तो वर्षाला शंभर युरोंच्या आत मिळतो. आपल्याकडे नसेल तर प्रवास होवो वा न होवो, तो घ्यावा. रात्री हीटर चालू असलेल्या कोणत्याही व्हॅनमध्ये कार्बन मोनॉक्साईडचा इशारा देणारे यंत्र हवेच. तिघांचे जीव त्यावर आहेत.

माझा पर्याय आता आकड्यांत मांडतो. नाताळ, नवे वर्ष आणि बायर्नमधली ६ जानेवारीची सुट्टी धरली, तर साधारण १२ दिवसांच्या पगारी रजेत तीन आठवडे मोकळे होतात. हिवाळ्यात कॅम्परची भाडी उतरतात. दिवसाला ९५ युरो धरले तर २१ दिवसांचे दोन हजार होतात. कुत्रा चालतो का, हिवाळी टायर आहेत का आणि परदेशात बिघाड झाल्यास काय सोय आहे, हे करारात पाहावे. एवढ्या थोड्या दिवसांत ट्रॉम्सोचा हट्ट धरू नये. उत्तर जर्मनीतल्या ट्राव्हेम्युंडे बंदराहून हेलसिंकीला जाणारी फेरी सुमारे तीस तास घेते, तीत पाळीव प्राण्यांसह राहण्याच्या केबिन असतात, आणि पुढे फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलंडपर्यंत सुमारे आठशे किलोमीटर उरतात; ट्रॉम्सो गाठण्यासाठी रोज सहा-सात तास गाडीत बसणे बुंदीच्या सांध्यांनाही सोसणारे नाही. फेरी व इंधनाचे १,४००, जेवण व मुक्कामाचे १,३००, बुंदीच्या औषधांचे आणि केबिनचे ३०० मिळवले, तर पाच हजारांत प्रवास होतो. म्हणजे जवळजवळ आपण ठरवलेलीच रक्कम, पण एकही पगार न बुडवता.

परतल्यावर खात्यात २१,००० राहतील. त्यातले १५,००० हात न लावण्याचे: ते आपल्या चार महिन्यांच्या एकूण खर्चाइतके आहेत, आणि कोल्हापूरहून अवेळी फोन आला तर दोन विमान तिकिटेही त्यातूनच काढायची आहेत. परदेशात राहणाऱ्या आणि मागे वृद्ध आई-वडील असणाऱ्या कुटुंबाने याहून कमी राखीव निधी ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. उरलेल्या ६,००० युरोंत जानेवारीपासून महिन्याला ७०० टाकत गेलात, तर सोळा महिन्यांत १७,२०० होतात. तेव्हा चौदा हजारांच्या आसपासची टी-३ शोधा, तीन हजार दुरुस्तीसाठी वेगळे ठेवा, सौदा करण्यापूर्वी स्वतंत्र तज्ज्ञाकडून सांधे आणि शीतक यंत्रणा तपासून घ्या, आणि हंगामी क्रमांकपट्टीवर ती उन्हाळ्यात चालवा. तोवर परवानाही झालेला असेल, आणि दोन-तीन महिन्यांची बिनपगारी रजा तेव्हा मागायला माझी काहीच हरकत नाही.

आता करायच्या गोष्टी दोन. सध्याच्या विक्रेत्याला अनामत रक्कम देण्यापूर्वीच नकार कळवा, आणि फेरीची केबिन लगेच आरक्षित करा, कारण प्राण्यांसाठीच्या केबिन मोजक्या असतात आणि नाताळच्या तारखांना त्या सर्वांत आधी भरतात.