कोकणातल्या जुन्या घरात मातीची चूल वापरताना काय सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की निवृत्तीनंतर कणकवलीजवळच्या जुन्या घरी कायमचे राहायला जाताय. स्वयंपाकघरात गॅस आहे आणि त्याच खोलीत मातीची चूलही आहे. ती रोज वापरायची इच्छा आहे, पण पावसाळ्यात मुलगी बाळंतपणाला येणार म्हणून धाकधूक वाटते. आमच्या घरी सावंतवाडीकडे आजही भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच होतं, त्या अनुभवावरून सांगते. चूल जरूर वापरा. मात्र घर जसं आहे तसंच ठेवून उद्या काडी लावू नका.

पहिलं काम सिलिंडरचं. गॅस आणि चूल एका खोलीत नकोच. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरतो, आणि चुलीचं तोंड जमिनीलगतच असतं. त्यात लाकडाचा धूर भरला असेल तर गॅसचा वास लवकर कळतही नाही. दोन्हींच्या मधे नुसता उंबरा असून भागत नाही, भिंत हवी. सगळ्यात बरं म्हणजे चूल मागच्या पडवीत न्या.

आता धुराचं. जुन्या घरात भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फट असायची, कौलांच्या सांध्यांतूनही धूर झिरपत वर जायचा. माकडांनी कौलं फोडून जीव नकोसा केला म्हणून गेल्या काही वर्षांत लोकांनी पत्रे घातले, फटी बुजवल्या, कुणी खाली छतही मारून घेतलं. चूल तीच राहिली आणि धुराची वाट बंद झाली. तुमच्या घराचं असं झालंय का ते आधी पाहा. झालं असेल तर चुलीला धुराडं बसवल्याशिवाय ती पेटवू नका. धुराड्याचं तोंड आढ्यापेक्षा दोन फूट तरी वर न्या, नाहीतर वारा फिरला की धूर परत घरात येतो. पाईप छपरातून जातो तिथे वासे आणि रिपा त्याला चिकटू देऊ नका. निदान वीतभर अंतर ठेवून मधे पत्रा घालायला गवंड्याला सांगा. तापलेल्या पाईपाशेजारचं लाकूड वर्षानुवर्षं करपत राहतं आणि एखाद्या दिवशी पेटतं. आतली काजळीही पेट घेते, म्हणून पाईप वरचेवर झाडून घ्यायचा. आणि धुराडं असलं तरी स्वयंपाक होईपर्यंत एक खिडकी उघडी हवीच, कारण धूर वर जायचा तर खालून हवा आत यावी लागते.

लाकूड वाळलेलं नसेल तर या सगळ्याचा अर्धाच उपयोग. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. ते वीस टक्क्यांच्या खाली आलं की लाकूड नीट जळतं. हे घरी मोजायची गरज नाही, वाळलेल्या लाकडाच्या खुणा पाहा: टोकांना चिरा पडलेल्या, साल सुटलेली आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज. पावसाळ्याची बेगमी पहिल्या सरीच्या आत मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, गेली पाहिजे. ओली लाकडं चुलीवरच्या फळीवर वाळत घालायची सवय फार घरांत आहे. ती मला अजिबात मान्य नाही, ठिणगी तिथेच जाते. काजूची टरफलं चुलीत घालू नका, त्यातलं तेल उडतं आणि धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. बिब्ब्याचं आणि कण्हेरीचं लाकूड तर घराच्या आसपासही जाळायचं नाही. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवुड, प्लास्टिक यांचंही तेच. पेटवायला सुकं चुडत (माडाची वाळलेली झावळी) पुरतं, रॉकेल ओतू नका. आणि ढिगातून लाकूड काढताना आधी काठीने हलवून घ्या, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं.

बाळंतिणीबद्दल मात्र मी हट्टाने सांगणार आहे. आपल्याकडे दारंखिडक्या लावून खाटेखाली शेगडी ठेवतात, ओवा-शेपाची धुरी देतात. यामागची माया मला कळते. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, हा समज जीव घेतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, झोप येणं ही त्याची लक्षणं. तान्हं बाळ ती सांगूही शकत नाही. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीला कापड गुंडाळून द्या. बाळाच्या खोलीत धुरी नको आणि रात्री निजताना कोणत्याच खोलीत शेगडी नको. कुणाला असा त्रास वाटला तर आधी माणसांना उघड्यावर आणा, मग १०८ला फोन करा.

चुलीपुढे बसताना सुती कपडे घाला, पदर खोचा, ओढणी काढून ठेवा. मूल रांगायला लागलं की चुलीभोवती हातभर उंचीचा कठडा करून घ्या. लाकडाची टोकं बाहेर लोंबत ठेवू नका, बाहेर घसरलेल्या कोलतीवर पाय पडून खूप जण भाजतात. भाजलंच तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काहीही लावू नका. कढईतलं तेल पेटलं तर पाणी न टाकता झाकण घाला. राखेत निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात, म्हणून ती झाकणाच्या लोखंडी डब्यात काढून घराबाहेर ठेवायची. प्लास्टिकच्या बादलीत किंवा माडाच्या आळ्यात गरम राख टाकू नका, आळ्यातला पालापाचोळा पेटतो.

मे महिन्यात जाताय तर धुराड्याचं काम लगेच धरा. जूनमध्ये छपरावर चढायला कुणी मिळत नाही. पडवीत चूल नव्याने घातलीत तर ती सावलीत पूर्ण वाळू द्या आणि पहिले काही दिवस नुसत्या काटक्यांचा बारीक जाळ करा, म्हणजे तडे जाणार नाहीत.