डी५३०० वरून डी७५०० वर जावं का? आधी तुमचे दोन फोटो बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ पासून निकॉन डी५३०० कॅमेरा वापरताय, सोबत १८-५५ ची किट लेन्स आणि ५५-३००. विषय मुख्यतः दोन, पुण्याकडच्या भिगवण-कवडीपाटचे पक्षी आणि मुलीच्या नाचाचे कार्यक्रम. फोटो 'मऊ' (कडा धूसर) येतात, मित्राकडे डी७५०० आहे आणि त्याचे कडक (कडा स्पष्ट) येतात. ओळखीत एक वापरलेला डी७५०० मिळतोय, हाताशी सत्तर हजार आहेत. घ्यावा, की थेट मिररलेसला, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्याला, जावं?

माझं मत: बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आत्ता घेऊ नका, पैसे लेन्समध्ये घाला. का ते तुमच्याच दोन फोटोंवरून सांगतो. फोटोंसोबत सेटिंग दिलीत हे बरं केलंत, नाहीतर अशा प्रश्नावर जो तो आपल्या कॅमेऱ्याची आरती ओवाळून मोकळा होतो.

पहिला फोटो, भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावरून उडणारा नदी सुरय. ३०० मिमी, एफ/५.६ (अॅपर्चर, लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितकं जास्त), १/५०० (शटर किती सेकंद उघडं ते), आयएसओ ८०० (सेन्सरची संवेदनशीलता). शंभर टक्के मोठा करून त्याच्या चोचीकडे बघा. पंखांची टोकं फराटली आहेत ते सोडा, पण चोचीची पिवळी कडही दुहेरी दिसतेय, आणि ती एकाच दिशेला ओढल्यासारखी. फोकस चुकला असता तर सगळीकडून सारखीच पसरट झाली असती. अशी एका बाजूला ओढलेली कड म्हणजे हालचाल: पक्ष्याची, तुमच्या हाताची, नावेची, की तिन्हींची. सुरय काही ढोकरीसारखा ध्यान लावून बसणारा पक्षी नाही. त्याला १/२००० तरी हवा. म्हणजे दोन स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे आयएसओ ८०० चा ३२००. तुम्ही आयएसओ वाढवायला घाबरलात आणि त्याची किंमत शटरने मोजली. डी५३०० चा ३२०० रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) व्यवस्थित आवरता येतो. वाढत्या आयएसओने आलेले दाणे काढता येतात, हललेली चोच कुठल्याही सॉफ्टवेअरला सरळ करता येत नाही. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर ठेवा, १/२००० आणि एफ/५.६ पक्कं करा, ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४०० द्या. त्याला खर्च शून्य.

आता त्याच फोटोतली दुसरी गोष्ट. मी मोजलं, तो सुरय पंखांसकट फ्रेममध्ये साधारण ४०० पिक्सेल रुंद आहे. बाकी सगळं पाणी. तुम्ही कापून मोठा केलात म्हणून तो मऊ दिसतो. आता गंमत बघा. डी५३०० ची फ्रेम ६००० पिक्सेल रुंद, डी७५०० ची ५५६८. सेन्सरचा आकार जवळपास तोच. म्हणजे त्याच जागेवरून, त्याच ५५-३०० ने डी७५०० वर काढला असता तर पक्षी ४०० ऐवजी ३७० पिक्सेलांचा झाला असता. पैसे देऊन पक्षी लहान! उलट डी५३०० तोच ठेवून पुढे ५०० मिमीची लेन्स लावली असती तर तो ६६५ च्या आसपास गेला असता, क्षेत्रफळात पावणेतीन पट.

मित्राच्या कॅमेऱ्यावर कोणती लेन्स असते ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. त्याच्याकडे २००-५०० किंवा १५०-६०० असेल तर तुमची तुलना दोन बॉडींची नाहीच. एक रविवार सकाळ द्या. कवडीपाटला जा, शेकाटे आणि चक्रवाक असतील तिथे अर्धा तास लेन्सांची अदलाबदल करा. दोघांचं माउंट (लेन्स अडकवायची जागा) एकच आहे. तुमची ५५-३०० त्याच्या डी७५०० वर, त्याची लेन्स तुमच्या डी५३०० वर. फक्त त्याची लेन्स जुनी, स्क्रूने फोकस होणारी नसावी. तुमच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे तसल्या लेन्स तुमच्याकडे हातानेच फिरवाव्या लागतात. घरी येऊन फोटोंची नावं न बघता क्रम लावा. पैज लावतो, वरचे दहा फोटो लेन्सप्रमाणे लागतील, बॉडीप्रमाणे नाही. खर्च दोन चहा आणि पेट्रोल.

तिसरी गोष्ट तुमच्या इतर फोटोंत दिसते. रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्याचे सगळे फोटो साडेदहानंतरचे आहेत. भिगवणजवळच्या कुंभारगावला नावेत बसायला उशीर झाला असणार, होतो. पण तोवर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते, आणि दीडशे-दोनशे मीटरवरचा रोहित म्हणजे तव्यावरच्या वाफेतून पाहिल्यासारखा. तिथे तुमचा डी५३०० आणि लाखोंची सुपरटेलिफोटो दोघंही सारखेच हताश. उलट लेन्स जितकी लांब तितका हा त्रास जास्त दिसतो. सूर्य उगवताना नावेत असा, नऊपर्यंत आटपा. नावाड्याला सांगितलं तर तो इंजिन बंद करून बांबूने नाव ढकलतो, तेवढ्याने नावेची निम्मी थरथर जाते. ट्रायपॉड नावेत काढूच नका, तो इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात पोचवतो. मी एका जाड कापडी पिशवीत दीड किलो तांदूळ भरून काठावर ठेवतो आणि त्यावर लेन्स. (परत आल्यावर त्या तांदळाचा भात करू नये, हे घरून सांगण्यात आलेलं आहे.)

नाचाचा फोटो. ५५ मिमी, एफ/५.६, १/६०, आयएसओ ६४००. इथे खरा गुन्हेगार ती १८-५५ आहे. ५५ ला तिचं तोंड एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एएफ-एस ५० मिमी एफ/१.८ जी घेतलीत तर सव्वातीन स्टॉपहून जास्त उजेड आत येतो: १/६० चा १/२५० आणि शिवाय आयएसओ ६४०० चा २५००. मुलीच्या हाताची मुद्रा थांबलेली दिसेल आणि चेहऱ्यावरची वाळू जाईल. डी७५०० चा सेन्सर नवा आहे, पण रॉ फाइलमध्ये दोघांतला फरक बारकाईने शोधावा लागतो. सव्वातीन स्टॉपच्या आसपासही तो जात नाही. खुर्ची मागे मिळत असेल तर ८५ मिमी एफ/१.८ जी, तीही चालेल. दुकानात घेताना 'जी' आहे हे बघून घ्या. 'डी' स्वस्त पडते म्हणून लोक उचलतात आणि मग वरच्या मोटरच्या कारणाने ती फोकस होत नाही. आणि जुन्या रॉ फाइली फेकू नका. २०२३ मध्ये लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये दाणे काढणारा जो डीनॉइज आला, तो दहा वर्षं जुन्या कॅमेऱ्याच्या रॉवरही चालतो. फुकटात हवं असेल तर डार्कटेबल आहे. मी मागच्या पावसाळ्यात २०१३ चे फोटो रॉमधून पुन्हा तयार केले आणि बॉडी बदलल्यासारखं वाटलं.

हे सगळं मी शहाणपणातून नाही, ठेच लागून सांगतोय. २०१३ मध्ये डी९० विकून डी७१०० घेतला. १२ मेगापिक्सेलवरून थेट २४. पहिल्या महिन्यात लक्षात आलं की फोटो जास्त हललेले दिसतायत. हात तोच होता, फक्त २४ मेगापिक्सेल प्रत्येक थरथर मोठी करून दाखवत होते. शिवाय नवं दुखणं आलं ते बफरचं, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधी फोटो धरून ठेवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पोटातल्या जागेचं. शटर अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात 'आर' आणि पुढे आकडा येतो. किती फोटो पोटात मावतील ते तो सांगतो. १४ बिट रॉला तो सहा दाखवायचा. सुरय हवेत थांबतो, मान खाली घालतो, मी बटण दाबतो: एक सेकंद, सहा फोटो, आर००. कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला आणि सुरय माशासकट वर. त्या मोसमात माझ्याकडे सुरय पाण्यात शिरण्याआधीचे शेकडो फोटो जमले, बाहेर येतानाचा एकही नाही. म्हणून पुढे मी डी५०० घेतला, आणि तो बदल योग्य होता. कारण काय अडतंय ते मला आकड्यात सांगता येत होतं.

तुमचंही असं काही अडत असेल तर माझं वरचं मत मागे घेतो. डी५३०० ला १४ बिट रॉमध्ये बफर असाच तोकडा आहे. डी७५०० सेकंदाला ८ फोटो काढतो आणि ५० रॉ पोटात ठेवतो. फोकसचे बिंदू ३९ चे ५१ होतात. व्ह्यूफाइंडर आरशांऐवजी काचेच्या प्रिझमचा, मोठा आणि उजळ, १०० टक्के फ्रेम दाखवणारा. तुमचा ९५ टक्के दाखवतो. शटर आणि अॅपर्चरला वेगवेगळी चाकं मिळतात, आणि थंडीत हातमोजे घालून काम करताना तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. स्क्रूने फोकस होणाऱ्या जुन्या ऑटोफोकस लेन्स कपाटात असतील तर त्याही जिवंत होतात. आणि लेन्सनुसार फोकस बारीक जुळवायची सोय आहे, जी तुमच्याकडे नाही. पण त्याला कार्डाचा खाचा एकच. लग्नाची कामं घेणार असाल तर त्याहून जुना डी७२०० दोन खाचे देतो. स्वतःला एकच विचारा: मागच्या वर्षी बाद केलेले दोनशे फोटो उघडा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा. हलला, दूर होता, अंधार होता, फोकस मागे गेला, फोकस पकडला नाही, बफर भरला. 'बफर भरला' आणि 'फोकस पकडला नाही' हे दोनच रकाने बॉडीच्या खात्यात जातात.

'फोकस मागे गेला' हा रकाना मोठा निघाला तर थांबा. ट्रायपॉडवर कॅमेरा लावा, भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून दहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि दहा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून) काढा. प्रत्येक वेळी आधी फोकस हलवून ठेवा. लाइव्ह व्ह्यूचे कडक आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ असतील तर फोकसची जुळणी सरकली आहे. ते सर्व्हिस सेंटरमध्ये सुधारतात. हे न तपासता कॅमेरा विकणारे मी बघितलेत.

मिररलेसचं म्हणाल तर दिशा तीच आहे, त्यात वाद नाही. निकॉनचे डी७८० आणि डी६ आले २०२० मध्ये, त्यानंतर त्यांनी नवा डीएसएलआर (तुमच्यासारखा आरशाचा कॅमेरा) आणलेला नाही. डी७५०० तर २०१७ चा, त्याला वारस नाही. म्हणूनच आज त्यात पैसे अडकवायचे की नाही हा प्रश्न. २००-५०० एफ/५.६ किंवा ५० एफ/१.८ जी आज घेतलीत तर उद्या एफटीझेड अडॅप्टर लावून झेड (निकॉनच्या मिररलेस) बॉडीवर त्या ऑटोफोकससकट चालतात. आजची लेन्स पुढच्या कॅमेऱ्याचीही होते, आजची डी७५०० होत नाही. झेड५० दुसरी आवृत्ती २०२४ च्या शेवटी आली, तिच्यात पक्षी ओळखून डोळ्यावर फोकस धरण्याचा वेगळा पर्याय आहे. हातातल्या रकमेतून दोन्ही एकदम होणार नाही. म्हणून आधी लेन्स, दीड-दोन वर्षांनी ती बॉडी. (कोणी डी९० वाला हे वाचत असेल तर: २००-५०० ला विजेवर चालणारं अॅपर्चर आहे, तुमच्या बॉडीवर ती नीट चालणार नाही. तुम्ही खुशाल बॉडी बदला.)

वापरलेली २००-५०० बघायला जाताना खिशात छोटी टॉर्च ठेवा. मागचं झाकण काढून अॅपर्चरची खुंटी शोधू नका, या लेन्सला ती नसते. तसाच टॉर्चचा उजेड तिरका मारून आत बघा. धूळ असू दे, चार कण असतातच. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी. हात जोडून परत या. मुंबई-कोकणातली लेन्स असेल तर दोनदा बघा. माझी स्वतःची एक ७०-३०० चिपळूणला एक पावसाळा कपड्याच्या कपाटात राहिली आणि गणपतीत काढली तेव्हा तिच्यात ताकाची कढी दिसत होती. तेव्हापासून प्लॅस्टिकचा घट्ट डबा आणि सिलिका जेल. ग्रे मार्केटचा (अधिकृत मार्गाने न आलेला) माल असेल तर वॉरंटीचा विषय संपला असं समजून भाव करा. आणि मन त्या ओळखीतल्या डी७५०० वरच अडलं असेल तर निदान एक ताजी रॉ फाइल मागून घ्या. निकॉन शटरचा आकडा (आजवर ते किती वेळा उघडलं) फाइलमध्ये लिहून ठेवतो, एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने तो वाचता येतो. या मॉडेलचं शटर दीड लाख वेळा उघडून तपासलेलं आहे. एफ/१६ वर कोऱ्या आभाळाचाही एक फोटो काढायला लावा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात.

विकत घेण्याआधी २००-५०० एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा. पुण्यात मिळते, डिपॉझिट आणि ओळखपत्र लागतं. तिचं वजन २.३ किलो आहे हे कागदावर वाचणं वेगळं आणि सकाळी सहा ते नऊ हातात धरणं वेगळं. खांद्याची तक्रार आली तर ५५-३०० वरच राहा आणि जवळ येणारे पक्षी निवडा. कवडीपाटला ते येतात. भाड्याची लेन्स नावेत नेलीत तर पट्टा लेन्सच्या कॉलरला (तिच्याभोवतीच्या ट्रायपॉडच्या कड्याला) लावून गळ्यात घाला, कॅमेऱ्याच्या कड्यांना नको. डी५३०० चं अंग हलकं आहे, सगळं वजन माउंटवर लोंबकळतं.