देवाच्या नावाने घाबरवायचं नाही, मग शिकवायचं कसं?

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा तिसरीत आहे. संध्याकाळी शुभं करोति म्हणतो पण अर्धं लक्ष टीव्हीकडे, हात जोडल्यासारखे करतो की पळाला. सासूबाई म्हणतात 'देव कोपेल बघ', आणि मग तो रात्री मला विचारतो, देव खरंच शिक्षा करतो का गं? त्याला घाबरवायचं नाहीये पण देवाबद्दल काहीतरी वाटावं असं तर वाटतंच ना. माझी सकाळ डबे आणि लोकल पकडण्यात जाते. आणि परीक्षेच्या दिवसांत हे सगळं बंद ठेवलं तर चालेल का?
— एक आई, बोरिवली

उत्तर : आधी त्याला सरळ सांगा की देव शिक्षा करायला बसलेला नाही. देवाचा हवालदार केला ना की पोरं दोनच गोष्टी शिकतात, घाबरायचं नाहीतर पकडलं जायचं नाही!

पाठांतर सध्या राहू दे, त्याच्या हाताला काम द्या. रविवारी सहाण आणि चंदनाचं खोड त्याच्यासमोर ठेवा. दोन थेंब पाणी, मग गोल गोल उगाळत बसायचं, पहिली दोन मिनिटं नुसतं पाणीच दिसतं, पोरगं वैतागतं, मग हळूहळू गंध दाटायला लागतं, घरभर वास सुटतो, आणि ते अनामिकेने देवाला लावायचं. घाई केली की गंध पातळ होतं, त्यामुळे 'नीट कर' असं आपल्याला बोलावंच लागत नाही. मंगळवारी दादरच्या फुलबाजारातून दुर्वा आणल्यात तर निवडायला त्यालाच बसवा, कोवळ्या, तीन पात्यांच्या, 21 मोजून जुडी बांधायची. मोजताना चुकला तर परत मोजेल, चुकू दे.

आता आपल्या मोठ्यांचं. लोकल खाडीवर आली की दारातून निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी भिरकावून लगेच हात जोडणारे तुम्हीही पाहिले असतीलच, मला तर बघूनच चीड येते. मुलं नेमकं हेच बघतात! त्यापेक्षा वाळलेली फुलं त्याच्याच हाताने कुंडीतल्या मातीत घाला, गणपतीत चौपाटीवर गेलात तर महापालिकेच्या निर्माल्य कलशात टाकू दे. देवाला वाहिलेलं फूल शिळं झालं तरी पायदळी येऊ द्यायचं नाही, हे त्याला न सांगता कळेल. आषाढीला जमलं तर वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात न्या, रांग मोठी असते, तुळशीची माळ त्याच्याकडे द्या, गर्दीत ती चुरगळू नये म्हणून कसा सांभाळतो बघा.

सासूबाईंशी वाद नको घालू. सकाळी तुम्ही लोकलमध्ये असता, पूजा त्याच करत असतील, तर नातवाला मदतीला घ्या असं त्यांनाच सांगा. कामात गुंतल्या की 'कोपेल' आपोआप कमी होईल.

परीक्षेत बंद नका ठेवू. एक फूल वाहायला अर्धं मिनिट लागतं, गंध तेवढे दिवस आजी उगाळतील.