वडिलांच्या मारुती ८०० ला मराठी अंकांचा डायल, सोलापूरच्या उन्हात टिकेल असा

तुमची अडचण मला समजली ती अशी: १९९८ ची मारुती ८००, मीटरचा मूळ डायल पिवळा पडलेला, वडिलांसाठी त्यावर मराठी अंक हवेत. तुम्ही घरच्या प्रिंटरवर फोटो पेपर छापून लावला. एप्रिल लागला तशा त्याच्या कडा वर आल्या आणि काटा घासायला लागला. आता पांढऱ्या डायलचा विचार आहे आणि जमलं तर आतले दिवेही बदलायचेत.

डिझाइनचं नंतर बघू. आधी कागद सोडून द्या, कितीही जाड आणि भारी मिळाला तरी. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४२-४३ असतं. काचा बंद करून तोंड उन्हाकडे करून लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सहज ७० अंशांपुढे जातो. फोटो पेपर म्हणजे कागद आणि वर प्लॅस्टिकचा थर. दोघं वेगवेगळ्या मापाने आक्रसतात, म्हणून तो वळतो. रेडियमच्या दुकानातलं स्टिकर म्हणजे पीव्हीसी, ते ८० च्या आसपास मऊ पडतं आणि त्याच्या आधीच कडांनी आखडायला लागतं. ओएचपीची पारदर्शक शीट पॉलिएस्टरची, तिचं प्लॅस्टिकही ७०-८० पासून कडकपणा सोडायला लागतं. कंपनीचा मूळ प्लॅस्टिकचा डायल बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो, कारण ते जवळपास १४७ अंशांपर्यंत आकार सोडत नाही. माझा पहिला डायल मीसुद्धा रेडियमवरच केला होता. दिसायला देखणा होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा गोंद वितळून शून्यापाशी जमा झाला आणि काटा त्याला चिकटला. गाडी ६० वर आणि मीटर गप्प. त्या दिवसापासून मी पॉलिकार्बोनेटशिवाय काही वापरलेलं नाही.

दुसरी गोष्ट, मीटर उघडलं की लगेच मोजमाप घेऊ नका. अंधाऱ्या खोलीत जुन्या डायलच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरा. अंकांतून उजेड आरपार आला, तर दिवे मागून आहेत आणि नवा डायलही तसाच थरांचा करावा लागेल. उजेड अडला, तर तुमचे दिवे कडेने किंवा वरून पडतात, आणि मग काम निम्म्याने सोपं होतं: काळ्यावर पांढरी छपाई, बस्स. हे न पाहता लोक महागडी छपाई करून बसतात आणि रात्री मीटर काळंकुट्ट दिसतं.

पांढऱ्या डायलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. दिवसा उन्हात तो डोळ्यावर येतो. रात्री मागून दिवा असेल तर अख्खी थाळी उजळते आणि काळे अंक तिच्यात विरून जातात. ते टाळायला पांढऱ्याच्या मागे उजेड अडवणारा थर आणि अंकांपुरत्या खिडक्या, म्हणजे दुप्पट अचूकता लागते. पहिल्यांदा करताय तर काळी मॅट पार्श्वभूमी आणि दुधी पांढरे अंक घ्या. वय झालेल्या डोळ्यांना तेच पटकन वाचता येतं.

काढताना: बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. स्पीडोमीटरची केबल मागच्या बाजूने अडकवलेली असते, ती सोडवल्याशिवाय मीटर ओढू नका. खरं नाजूक काम आहे काट्याचं. तुमच्या मीटरमध्ये केबल एक लोहचुंबक फिरवते, त्या चुंबकामुळे शेजारची ॲल्युमिनियमची वाटी खेचली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे ओढत राहते. काटा त्या वाटीच्या दांडीवर दाबून बसवलेला असतो. तो ओरबाडून काढला तर स्प्रिंगचा पीळ बिघडतो आणि मीटर कायमचं खोटं बोलायला लागतं.

शून्यापाशी एक बारीक खुंटी असते, काटा तिला टेकून उभा असतो. काटा हलकेच उचलून खुंटीच्या पलीकडे सोडा. तो शून्याच्या खाली कुठेतरी जाऊन स्वतःहून थांबेल. ती जागा मीटरच्या चौकटीवर कागदी टेप लावून पेन्सिलीने खूण करा. नवा डायल बसवल्यावर काटा बरोबर त्या खुणेवर दाबायचा आणि मग उचलून खुंटीवर आणायचा. हा शून्याखालचा ताण परत मिळाला तरच मीटर खरं सांगतं. काटा काढायला दोन चहाचे चमचे, खाली मऊ कापड, दोन्हीकडून सारखा जोर, सरळ वर. पेट्रोल आणि तापमानाचे छोटे काटे मात्र काढू नका. जुन्या बायमेटल मीटरमध्ये (तापल्यावर वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीवर चालणाऱ्या) ते निघावेत म्हणून बनवलेलेच नसतात. त्यांच्यासाठी नव्या डायलमध्ये भोकापासून कडेपर्यंत ब्लेडने चीर द्या आणि डायल बाजूने सरकवा.

आता मोजमाप. डायल स्कॅनरवर ६०० डीपीआयला टाका, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, एकदा आडवा आणि एकदा ९० अंश फिरवून. दोन्हींत पट्टीची लांबी सारखी भरली पाहिजे. याचं कारण असं की सगळं चित्र सारख्या प्रमाणात लहानमोठं झालं तर कोन बदलत नाहीत, फक्त स्क्रूची भोकं चुकतात. पण एका दिशेला ताणलं गेलं तर कोनच बदलतो, म्हणजे वेग चुकतो. छापतानाही ‘फिट टू पेज’ बंदच ठेवा.

इंकस्केप हे चित्र आखायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरेसं आहे. दांडीच्या भोकाचा मध्य पक्का करा आणि तिथून ०, २०, ४० अशा प्रत्येक खुणेचा कोन मोजा. समजा ० ते १४० मध्ये २१० अंश भरले, तर दर किलोमीटरला दीड अंश. पण खुणा सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालू नका, काही मीटरमध्ये सुरुवातीची घरं दाट असतात. जुन्या खुणा जिथे आहेत तिथेच नव्या हव्यात. मध्याचं भोक एक मिलिमीटर सरकलं, तर ४० मिलिमीटर त्रिज्येवर जवळजवळ दीड अंश चुकतो, म्हणजे तुमच्या मीटरवर साधारण एक किलोमीटर. म्हणून भोक कात्रीने किंवा तापल्या सुईने करू नका. चामड्याचं काम करणाऱ्यांकडे गोल पंच असतो, तो मागून आणा.

मराठी अंकांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे माझे दोन डायल वाया गेले. आपल्या अंकांचा ऐवज गोलाईत असतो. लहान आकारात ३ आणि ६ एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटतात, १ आणि ९ ची गत तीच. स्पीडोमीटरवर ६० आणि ८० महत्त्वाचे, त्यामुळे ६ ची खालची शेपटी कापली जाणार नाही अशी जागा ठेवा. मूळ इंग्रजी आकड्यांच्या उंचीचेच मराठी अंक घेतले तर ते बारके दिसतात. मी आठवा-दहावा हिस्सा मोठे घेतो. ५ आणि ८ ची उत्तर भारतातली वळणं वेगळी असतात. वडिलांना भिंतीवरच्या कॅलेंडरातलं वळण सवयीचं, म्हणून फॉन्ट निवडताना हे दोन अंक आधी बघा. ‘मुक्त’ हा मुंबईच्या एक टाइपचा फॉन्ट मोफत आहे, त्याचं मधलं वजन, म्हणजे मध्यम जाडीची अक्षरं, डायलवर स्वच्छ उमटतं. फार ठळक घेऊ नका, मागून उजेड आला की रेषा फुगतात आणि ८ चं पोट भरून येतं. अंक सगळे उभेच ठेवा, वर्तुळाबरोबर कलते करू नका. खाली ‘किमी/तास’. पेट्रोलच्या टोकांना ‘रि’ आणि ‘भ’ पुरे. (अक्कलकोटच्या एका मित्रासाठी मी कानडी अंकांचाही डायल केला, तिथेही हेच नियम लागू पडले.)

इशाऱ्याच्या दिव्यांची चिन्हं आणि रंग मात्र जसेच्या तसे. ऑइलचा डबा लाल, अप्पर निळा, इंडिकेटर हिरवा. ही चिन्हं आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जगभर एक आहेत, आणि उद्या गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात असेल तर ऑइलचा दिवा त्याला क्षणात कळला पाहिजे. किलोमीटरच्या आकड्यांच्या चाकांना हातही लावू नका. आणि हौसेच्या भरात नंबर प्लेट मराठीत करू नका, तिथे नियमाने इंग्रजी अक्षरं आणि आकडेच लागतात.

छपाई. लग्नपत्रिकांचा किंवा टी-शर्टांचा स्क्रीन प्रिंटर गाठू नका, त्यांची जाळी आणि शाई दोन्ही वेगळ्या कामाची. कारखान्यातल्या यंत्रांच्या नेमप्लेट, कंट्रोल पॅनेलचे बटणांचे स्टिकर छापणारा शोधा. एमआयडीसीच्या कामांवर जगणारे असे लोक आपल्याकडे आहेत, आणि पॅनेलचा स्टिकर म्हणजे थरांच्या दृष्टीने तुमचा डायलच. एकच नग असेल तर मोबाइलच्या कव्हरवर छापणारं यूव्ही फ्लॅटबेड मशीन बरं पडतं, स्क्रीन बनवण्याचा खर्च वाचतो. त्यांना असं सांगा: पाव ते अर्धा मिलिमीटरचं एका बाजूने मॅट पॉलिकार्बोनेट, छपाई मागच्या गुळगुळीत बाजूला, उलटी, म्हणजे समोरून सुलटी दिसेल. आधी काळा, अंकांच्या जागा मोकळ्या. तो वाळल्यावर दुसरा काळा. मग सगळ्यावर पांढरा, तोच अंकांना दुधी करतो आणि उजेड पसरवतो. काळा एकदाच दिला तर डोळ्याला गच्च वाटतो, पण अंधारात टॉर्च लावल्यावर चांदण्या दिसतात. म्हणून माल ताब्यात घेण्याआधी दुकानातच टॉर्च लावून बघा. मूळ डायलपेक्षा जाड शीट नको, काटा घासेल.

पुसायला थिनर, ॲसिटोन, पेट्रोल काहीही वापरू नका. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात, कधी लगेच, कधी महिन्याने. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ सुती कापड. चिकटवायचंही नाही. जुन्या डायलचेच स्क्रू पुरतात, आणि त्यांची भोकं नव्या डायलला अर्धा मिलिमीटर मोठी ठेवा, म्हणजे उन्हात फुगायला जागा राहते.

दिव्यांबाबत सावध राहा. उजेडाचे छोटे बल्ब एलईडी केले तर हरकत नाही. तिथे उलटसुलट बाजू असते, पेटला नाही तर फिरवून लावा. निळा किंवा थंड पांढरा नको, रात्री हैदराबाद रोडला समोरचा अंधार आणखी दाट वाटतो. पिवळसर घ्या. पण बॅटरी चार्जिंगचा लाल दिवा मूळ बल्बचाच ठेवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, जागा होतो. तिथे एलईडी लावून चार्जिंगच बंद पडलेली गाडी मी पाहिली आहे, आणि मालक दोन आठवडे बॅटरीला दोष देत होता.

सगळं बसल्यावर पडताळणी. सकाळी रस्ता मोकळा असताना शेजारी कुणाला तरी मोबाइलचं जीपीएस घेऊन बसवा. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा. सरळ, सपाट रस्त्यावर ४०, ६०, ८० असा वेग प्रत्येकी अर्धा मिनिट स्थिर ठेवा. मीटरने थोडं जास्त दाखवणं ठीक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम ३९ मध्ये खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी इतकं जास्त चालतं, म्हणजे खरे ८० असताना ९२ पर्यंत. पण कमी अजिबात चालत नाही, आणि तुम्हीही तोच दंडक पाळा. सगळीकडे सारखाच फरक आला तर काटा एखादा अंश चुकीचा बसलाय, काढून परत बसवा. फरक वेगाबरोबर वाढत गेला तर आधी टायरचा आकार तपासा. तो मूळचाच असेल तर स्प्रिंग दुखावली असेल, मग मीटर दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या.

फोटो पेपर काढताना जुन्या डायलवर गोंद राहिला असेल तर तो आत्ता खरवडू नका, आधी तसाच स्कॅन करा. पट्टी शेजारी ठेवलेले दोन्ही स्कॅन इथे टाका, कोन मी मोजून देतो.