लिथियम नाही, तांबं अडवणार आहे

तुम्ही विचारलंय की बॅटरीत लागणारं लिथियम पन्नासेक वर्षांत संपणारच असेल तर ईव्ही-सोलरचा एवढा खटाटोप कशाला, आहे तो कोळसाच बरा. प्रश्न रास्त आहे, पण काळजी चुकीच्या धातूची चाललीय असं मला वाटतं.

आधी लिथियम. साठ्याचा जो आकडा छापून येतो तो आजच्या भावात काढायला परवडेल तेवढ्याचाच असतो, भाव चढला आणि लोक शोधायला लागले की तो आकडाच वाढतो. २०२२ च्या शेवटी चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला ६ लाख युआनच्या आसपास गेलं होतं, तेव्हा सगळे म्हणाले संपलं आता, मग ऑस्ट्रेलियापासून आफ्रिकेपर्यंत खाणी निघाल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला भाव १ लाखावर आला. कोबाल्टचं तर अजून सोपं झालं, जगाचं ७० टक्के कोबाल्ट कांगोतून येतं म्हणून ओरड होती, पण एलएफपी (लोह-फॉस्फेटच्या) बॅटरीत कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही, आणि आता बऱ्याच ईव्ही त्यावरच चालतात.

तांब्याचं तसं होत नाही. मोटार, ट्रान्सफॉर्मर, चार्जर, पवनचक्की, जिथे वीज तिथे तांबं. ओव्हरहेड लाइनला अ‍ॅल्युमिनियम चालतं, सगळीकडे नाही चालत. चिलीतल्या खाणींत आता खनिजात तांबं १ टक्क्याच्याही खाली आहे, म्हणजे टनभर दगड फोडून, दळून हातात येतं सहा-सात किलो. त्याला वीज लागते, पाणी लागतं, आणि खाणी आहेत आटाकामाच्या वाळवंटात! एस्कोंदिदा या जगातल्या सगळ्यात मोठ्या तांब्याच्या खाणीला समुद्राचं पाणी गोडं करून ३,००० मीटर वर चढवावं लागतं. साठा सापडल्यापासून खाण सुरू व्हायला सरासरी १५-१६ वर्षं जातात, त्यामुळे आज भाव दुप्पट झाला तरी उद्या माल येत नाही.

आणि लोक. पनामातली मोठी खाण २०१९ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, सुप्रीम कोर्टाने करार घटनाबाह्य ठरवला, खाण बंद. आपल्याकडे तमिळनाडूतला तुतिकोरिनचा स्मेल्टर (तांबं वितळवून काढायचा कारखाना) २०१८ मध्ये बंद पडला, त्याआधी आंदोलकांवरच्या पोलीस गोळीबारात १३ माणसं गेली, आणि तांबं निर्यात करणारा आपला देश आयात करायला लागला. मी या लोकांना दोष देणार नाही, ज्यांच्या विहिरीजवळ हे चालतं त्यांना विचारल्याशिवाय कुठलाच हिशोब पुरा होत नाही.

तिसरी अडचण शुद्धीकरणाची. मोटारच्या मॅग्नेटला लागणारी दुर्मिळ खनिजं (रेअर अर्थ) खरं तर फार दुर्मिळ नाहीत, पण ती वेगळी करायचं बहुतेक काम चीनमध्येच होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि दोन-तीन महिन्यांत पुण्याच्या ई-स्कूटरवाल्यांना मोटारचे मॅग्नेट मिळेनासे झाले. जमिनीत माल होता तरी.

जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियमचं खनिज सापडल्याची बातमी २०२३ मध्ये फिरली, तो निव्वळ प्राथमिक अंदाज होता, पुढे लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत. त्यापेक्षा मलाजखंडकडे लक्ष द्या, गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात, देशातली सगळ्यात मोठी तांब्याची खाण.

कोळशाबद्दल एवढंच की तो जग वर्षाला ८०० कोटी टनांहून जास्त काढतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच काढावा लागतो. तांबं वर्षाला सव्वादोन कोटी टनांच्या आसपास. दगडासकट धरलं तर ही तफावत बरीच कमी होते, ते मान्य, पण तांबं भंगारवाल्याकडून वितळून परत येतं, जळालेला कोळसा येत नाही.

म्हणून माझं मत असं, की ईव्हीला विरोध नको पण केवढी ईव्ही हे विचारा. स्कूटरला ३ युनिटची बॅटरी पुरते, मोठ्या एसयूव्हीला ६०-७० लागते. सबसिडी द्यायचीच तर स्कूटर, रिक्षा आणि एसटीला द्या.