वजन बरोबर आहे, मग दम का लागतो? आणि मनाचं काय?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४४, वजन बेताचं, शुगर-बीपी काही नाही, पण दिवसभर खुर्चीत बसून काम आणि दोन जिने चढले की धाप लागते. आईला डिप्रेशन होतं, ताईच्या गोळ्या अजून चालू आहेत. परवा वाचलं की फिटनेस कमी असणाऱ्यांना डिप्रेशन, एंग्झायटी जास्त होते, तेव्हापासून डोक्यात तेच. खरं आहे का हे? आणि ताईने व्यायाम सुरू केला तर गोळ्या सुटतील का?

उत्तर: खरं आहे, पण घाबरून जाऊ नका, नीट सांगतो. २०२० मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला, ४० ते ६९ वयाच्या दीड लाखाहून जास्त लोकांचा. त्यांना ६ मिनिटं जागेवरची सायकल चालवायला लावून हृदयाचे ठोके कसे वाढतात ते बघितलं, हाताची पकड मोजली, आणि ७ वर्षांनी मनाची तब्येत विचारली. ज्यांचा दमही कमी आणि पकडही कमी, त्यांच्यात डिप्रेशनची शक्यता जवळपास दुप्पट निघाली, एंग्झायटीची ६० टक्के जास्त. बघा, यात मोजला तो दम आणि ताकद, त्यामुळे काट्यावरचा आकडा बरोबर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तुमचा जिना जे सांगतोय ते ऐका.

अर्थात उलटंही होतंच, मन खचलं की माणूस अंथरुणातून उठत नाही आणि मग अंगातली ताकदही जाते. त्यामुळे आईने व्यायाम केला नाही म्हणून तिला डिप्रेशन आलं असं कृपा करून कोणी म्हणू नका, घरातल्यांनी तर नाहीच.

एंग्झायटीत मला रोज दिसणारी गोष्ट म्हणजे छातीत धडधडलं की माणसाला वाटतं आता काहीतरी होणार, मग तो जिना टाळतो, भरभर चालणं टाळतो, आणि थोड्याशा श्रमानेही धडधड वाढायला लागते, भीती अजून पक्की. हळूहळू चालणं वाढवलं की धडधड आपोआप शांत होते हे तो स्वतः अनुभवतो, नुसतं समजावून ते पटत नाही.

किती करायचं? २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात आठवड्याला अडीच तास भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत काहीच न करणाऱ्यांपेक्षा डिप्रेशनचा धोका २५ टक्के कमी होता, आणि त्याच्या निम्मीच करणाऱ्यांतही १८ टक्के कमी. म्हणजे सुरुवातीच्या थोड्याशा हालचालीतच बराचसा फायदा आहे, जिमची फी भरायलाच हवी असं नाही. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतका वेग ठेवा. ताकदीसाठी आठवड्यातून २ दिवस उठाबशा आणि भिंतीला हात टेकून पुशअप्स, नुसता हातात बॉल दाबत बसून उपयोग नाही, पकड हा फक्त अख्ख्या शरीराच्या ताकदीचा अंदाज असतो. आणि इतकी धाप नव्यानेच लागायला लागली असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी तपासून घ्या.

ताईच्या गोळ्या मात्र अजिबात बंद करू नका. एकदम सोडल्या की चक्कर, बेचैनी, झोप उडणं असं सुरू होतं आणि आजार उलटू शकतो. व्यायाम गोळ्यांच्या जोडीला चालू द्या, डोस कमी करायचा का ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. सुरुवातीला तुम्हीच तिच्याबरोबर चालायला जा, कारण डिप्रेशनमध्ये चप्पल पायात घालून दाराबाहेर पडणं हेच सगळ्यात जड जातं.